निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि शिपायाचा इतिहास

मराठी मुलखातून लष्करात गेलेल्या शिपायाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शिपायाने स्वतः लिहिलेले मात्र फारच थोडे आढळते. बखरींतून सरदार बोलतात, फौजा चालतात, पायदळ आणि बारगीर आकड्यांच्या रूपाने येतात. १८५७ च्या धामधुमीचे मराठीतील सर्वांत परिचित प्रत्यक्षदर्शी वर्णन विष्णुभट गोडसे ह्यांच्या 'माझा प्रवास' ह्या पुस्तकात आहे. परंतु ते एका भिक्षुकाचे आहे, लढणाऱ्याचे नव्हे. उत्तरेत सीताराम पांडे ह्या सुभेदाराचे म्हणून प्रसिद्ध असलेले आत्मवृत्त १८७३ साली इंग्रजी भाषांतरात छापले गेले, पण त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. अशा स्थितीत, ज्याला लिहिता येत नव्हते त्या शिपायाची साक्ष शोधावयाची तर ती कोठे शोधावी, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, वाङ्मयाभ्यासाचाही आहे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचे एक उत्तर मांडावयाचे आहे. ते उत्तर म्हणजे निवृत्तिवेतनासाठी केलेला अर्ज.

असा अर्ज हे आत्मचरित्र नव्हे आणि निव्वळ सरकारी नोंदही नव्हे. आपण कोण, कोठले, कोणत्या पलटणीत किती वर्षे होतो, कोठे लढलो, कोठे जखमी झालो आणि आज कोणत्या अवस्थेत आहोत, हे सांगणारे ते एक प्रयोजनबद्ध निवेदन असते. बहुसंख्य शिपायांच्या आयुष्यात आपली हकीकत क्रमाने सांगण्याचा आणि ती कोणीतरी लिहून घेण्याचा हाच एक प्रसंग आला. म्हणून ह्या कागदांकडे हिशेबाचे कागद म्हणून न पाहता कथनाचा एक प्रकार म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

१. पूर्वपरंपरा

लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांचा भार राज्याने घ्यावा ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. मराठी राज्यात तिला 'बालपरवेशी' असे नाव होते. सातारकर महाराज व पेशवे ह्यांच्या रोजनिशींतील उतारे गणेश चिमणाजी वाड ह्यांच्या संग्रहातून १९०२ नंतर नऊ खंडांत प्रसिद्ध झाले, गो. स. सरदेसाई ह्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळात संपादित केले. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ च्या ग्रंथात जखमींना व मृतांच्या कुटुंबीयांना दिल्या जाणाऱ्या साहाय्याची दखल घेतली आहे.

ह्या जुन्या कागदांची भाषा लक्षपूर्वक वाचावी लागते. शिपाई 'मेला' असे तेथे सहसा येत नाही. तो 'कामास आला' असे येते. उपयोगी पडणे आणि मरणे ह्या दोन अर्थांना एकाच क्रियापदात गुंतविणारा हा वाक्प्रयोग केवळ शिष्टाचाराचा नाही. त्यात एक दावा दडलेला आहे. जो धन्याच्या कामास आला, त्याचे देणे धन्याकडे राहिले. वारसाने पुढे काही मागितले तर ती भीक ठरत नाही, थकलेल्या देण्याची आठवण ठरते. उलट 'पडला', 'ठार झाला' हे शब्द घटना सांगतात, नाते सांगत नाहीत. कोणत्या कागदात कोणते क्रियापद येते, ते मागणाऱ्याच्या तोंडचे आहे की देणाऱ्याच्या, ह्याची नुसती मोजदाद केली तरी मराठी राज्यातील चाकरीच्या कल्पनेवर पुष्कळ प्रकाश पडेल.

१८१८ नंतर ह्याच परंपरेने निराळे वळण घेतले. सरंजाम व इनामे ह्यांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तेव्हा घराण्यांना आपापल्या पूर्वजांच्या सेवेच्या कैफियती सादर कराव्या लागल्या. तीन-चार पिढ्यांपूर्वीची चाकरी सनदांच्या आधारे सिद्ध करणे हे त्यांचे काम. पुढील काळातील पेन्शनच्या अर्जाचे बीज ह्या कैफियतीत दिसते. फरक एवढाच की कैफियत घराण्याची असते, तर अर्ज एका माणसाचा असतो. शिपायाला घराण्याचा आधार नसतो; त्याच्याजवळ स्वतःचे शरीर, पलटणीचा क्रमांक आणि आठवण एवढेच भांडवल असते.

२. अर्ज वाचण्यापूर्वी नियम वाचावा

ह्या साधनाचा उपयोग करणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की प्रत्येक अर्ज एखाद्या नियमाला उद्देशून लिहिलेला असतो. नियम जे विचारतो तेच अर्ज सांगतो. जे विचारीत नाही ते बहुधा गाळतो.

ह्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांसाठी १८१८ साली जो कायदा झाला त्यात गरज हा निकष होता. त्यामुळे त्या वेळच्या अर्जांत गरिबीचे वर्णन ठळक होते आणि पुढे तर भांडीकुंडी व गुरेढोरे ह्यांच्या याद्याही जोडाव्या लागल्या. १८३२ च्या कायद्याने गरजेची अट काढली आणि न्यायालयापुढे सेवेची शपथपूर्वक हकीकत सांगण्यास लावले. परिणामी वृद्ध सैनिकांनी मोहिमा, अधिकाऱ्यांची नावे, वाटेतली गावे असे सविस्तर कथन केले. माणसे पुष्कळदा तीच, युद्ध तेच; परंतु नियम बदलताच कथा बदलली. त्या युद्धाच्या सुमारे ८०,००० फायली शिल्लक आहेत आणि जॉन डॅन ह्यांनी १९८० मध्ये त्यांतील निवडक कथनांचा संग्रह प्रसिद्ध केल्यावर सामान्य सैनिकाच्या इतिहासाला नवा पाया मिळाला.

आपल्याकडे १८७१ च्या पेन्शन कायद्याने निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आणि मागणी सरकारी अधिकाऱ्याकडे करावी असे ठरविले. ह्या एका तरतुदीने अर्जाची शैली ठरवून टाकली. जेथे हक्क न्यायालयात सांगता येत नाही, तेथे तो विनंतीच्या भाषेतच सांगावा लागतो. 'मेहेरबान साहेब बहादूर', 'गरीबपरवर', 'दुवा देत राहू' ही शब्दयोजना वाचून अर्जदाराच्या लाचारीचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती भाषा कायद्याने घालून दिलेल्या दालनाची आहे. त्याच अर्जात वर्षे, मोहिमा व जखमा ह्यांची नोंद मात्र काटेकोर असते. नम्रता आरंभी आणि शेवटी येते. मधल्या भागात हिशेब असतो. ह्या दोन स्वरांतील अंतर हाच अर्जाचा खरा वाङ्मयीन विशेष होय.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून तो हक्क आहे असे स्पष्ट केले. २००७ च्या कायद्यानुसार सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि चंदीगड, मुंबई आदी ठिकाणी त्याची खंडपीठे झाली. आता विनंतीची जागा दाव्याने घेतली आहे. व्याधी 'लष्करी सेवेमुळे उद्भवली वा बळावली' काय, ह्या एका वाक्यांशाभोवती आजची कितीतरी प्रकरणे फिरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या अर्जदाराने आपली दुखापत दैवाच्या भाषेत सांगितली असेल. आजचा अर्जदार ती कार्यकारणाच्या भाषेत सांगतो. दोघांचे दुखणे एक असू शकते.

विधवांच्या अर्जांतही नियमाचा हाच ठसा दिसतो. पुनर्विवाह केल्यास कुटुंबवेतन थांबावे, परंतु मृताच्या भावाशी विवाह केल्यास ते चालू राहावे, अशी तरतूद लष्करी नियमांत होती. पंजाब-हरियाणाकडील करेवा ह्या चालीशी हा अपवाद जुळतो. महाराष्ट्रात अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, पण पाट दिराशीच लागावा असा दंडक नव्हता. त्यामुळे एकच नियम दोन प्रांतांतील स्त्रियांना निरनिराळ्या रीतीने लागू पडला. विधवेचा अर्ज 'मी पुन्हा लग्न केलेले नाही' असे ज्या आग्रहाने सांगतो त्यामागे तिची निष्ठा शोधण्याआधी हा नियम पाहावा.

३. पलटणीचा क्रमांक

दुसरी अडचण नावांची आहे. अर्जदार आपली पलटण ज्या क्रमांकाने सांगतो तो क्रमांक काळानुसार बदलत गेला आहे. १९०३ मध्ये किचनेर ह्यांच्या पुनर्रचनेत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत १०० मिळविण्यात आले. तिसरीची १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी झाली. १९२२ मध्ये ह्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट बनविण्यात आली. तेव्हा १०३ वी तिची पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी बटालियन झाली आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. ह्यांतील तिसरी बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली.

म्हणजे आजोबा 'दहावीत', मुलगा '११० व्या'त, नातू 'तिसऱ्या मराठ्या'त आणि पणतू 'दुसऱ्या पॅरा'त असे एका घराने सांगितले, तर त्या घराने चार पलटणी पाहिल्या असे नव्हे; एकाच पलटणीत चार पिढ्या चाकरी केली. ज्या अभ्यासकाला हे कोष्टक माहीत नाही त्याला अर्जांत विसंगती दिसेल, आणि ती विसंगती तो अर्जदाराच्या अडाणीपणावर ढकलील.

पलटण निश्चित झाली की सेवेचे स्थळ व काळ पडताळून पाहता येतो. १०३, ११० व ११७ ह्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंड ह्यांच्या हाताखालील ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांतील अनेकांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या बांधकामावर लावले गेले. ह्या पलटणींतील माणसाने १९१६ ते १९१८ ह्या वर्षांचा तपशील सांगितला नसेल तर ते मौन त्या काळाच्या प्रकाशात वाचले पाहिजे. नियमाने कैदेची वर्षे सेवेत धरली, पण कैदेत काय घडले हे विचारले नाही.

काळाची नोंदही अर्जदार स्वतःच्या पंचांगाने करतो. प्लेगचे साल, मोठा दुष्काळ, मानमोडीची साथ ही त्याची परिमाणे असतात. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा हे ठाऊक असले, तर 'मानमोडीच्या आधी परत आलो' हे विधान इंग्रजी तारखेइतकेच नेमके ठरते. वय मात्र बहुधा अंदाजाचे असते. भरतीच्या वेळी लिहिलेले वय आणि अर्जातील वय जुळले नाही, एवढ्यावरून अर्ज खोटा ठरवू नये.

४. बोलणारा कोण?

अर्जाखाली अंगठा एकाचा असतो, अक्षर दुसऱ्याचे आणि शेरा तिसऱ्याचा. शिपाई सांगतो, अर्ज लिहिणारा त्याला ठरलेल्या साच्यात बसवितो, कचेरी त्यावर आपले मत नोंदविते. हे तीन थर वेगळे केल्याखेरीज 'शिपायाचा आवाज' मिळाला असे म्हणता येणार नाही. मायना, समारोप आणि कायद्याचे शब्द हे लेखकाचे. गावांची तुटकी-मोडकी नावे, अधिकाऱ्यांच्या नावांचे मराठी उच्चार, बरोबर कोण होते आणि कोण परतले नाही ह्याचे तपशील हे बहुधा सांगणाऱ्याचे. ज्या जागी साचा ढिला पडतो, तेथे माणूस दिसू लागतो.

ह्या थरांची तुलना करण्यासाठी दुसरी साधने हाताशी आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉरने तपासली आणि त्यांचे इंग्रजी उतारे लंडनच्या इंडिया ऑफिस संग्रहात राहिले. डेव्हिड ओमिसी ह्यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवड प्रसिद्ध केली. ती पत्रेही बहुधा दुसऱ्याने लिहिलेली आणि तिसऱ्याने तपासलेलीच आहेत. पत्र रणांगणावरून घरी जाते आणि अर्ज घरून सरकारकडे जातो, एवढाच त्यांच्या दिशेत भेद. लष्करातील शीट रोलमध्ये बापाचे नाव, गाव, भरतीची तारीख, उंची, अंगावरील खुणा व वारस हे तपशील असतात. त्याला भाषा नसते, परंतु अर्जातील विधानाची परीक्षा त्याच्याच आधारे करता येते. गावोगावचे शिलालेखही विसरू नयेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या गावी पहिल्या महायुद्धात कामास आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. पंजाबात तर १९१९ च्या सुमारास तेथील सरकारने गाववार नोंदवह्या करविल्या. सुमारे ३,२०,००० नावांच्या त्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या आणि २०२१ मध्ये त्यांतील काही जिल्ह्यांच्या अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या. मराठी जिल्ह्यांसाठी अशी सूची करावयाची तर पेन्शनच्या कागदांनाच पाया मानावे लागेल.

५. अर्ज जेव्हा सामूहिक होतो

एका माणसाचा अर्ज आणि एका समाजाचे विनंतीपत्र ह्यांच्यातील सीमारेषा मराठी मुलखात एका ठिकाणी पुसली गेली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेल्या पलटणीत महार शिपायांची संख्या मोठी होती आणि तेथील स्तंभावर मृतांची व जखमींची नावे कोरलेली आहेत. तरीही १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. तेव्हा लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेले गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ साली सरसेनापतींकडे पाठविण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. दापोली ही पेन्शनरांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तेथेच होते. पुढे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला.

हे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचावेत. वलंगकर पूर्वीच्या सेवेबरोबर समाजाच्या मूळ क्षत्रियत्वाचाही आधार घेतात. कांबळे ह्यांच्या अर्जात भर न्याय्य वागणुकीवर आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून असलेल्या अधिकारावर येतो. सोळा वर्षांत मागणी बदलली नाही, तिचे समर्थन बदलले. एलिनॉर झेलियट ह्यांनी हा बदल राजकीय साधनांच्या शिक्षणाचा भाग म्हणून पाहिला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. आम्ही इतकी वर्षे चाकरी केली, हे वाक्य पेन्शनच्या अर्जाचे आहे; येथे ते 'मी'वरून 'आम्ही'वर गेले आणि सामाजिक हक्काच्या गद्याचा आरंभ झाला. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली. ह्या घडामोडींमागे अशा अर्जांची दीर्घ परंपरा आहे.

६. खोटे अर्ज

अर्जामागे पैसा असतो, म्हणून असत्याची शक्यता नेहमीच राहते. हा आक्षेप टाळून चालणार नाही. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्र शासनाचे निवृत्तिवेतन मिळू लागले आणि आझाद हिंद सेनेतील माणसेही त्यास पात्र ठरली. तुरुंगाचे कागद न मिळाल्यास सहबंद्याचे प्रमाणपत्र चाले. २००१ मध्ये गुरदयालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे दावे फौजदारी खटल्याच्या कसोटीवर न तपासता संभाव्यतेच्या कसोटीवर तपासावेत असे सांगितले. उलट, बीड जिल्ह्यातील हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या बनावट दाव्यांची चौकशी न्या. पालकर आयोगाला करावी लागली आणि ते प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

ह्या दोन्ही गोष्टी अभ्यासकाला एकत्र धराव्या लागतात. ज्या दयाळू नियमाने खऱ्या पण कागद नसलेल्या माणसाला वाट दिली, त्याच वाटेने खोटाही शिरला. खोट्या अर्जाची एक खूण अशी की त्यातील तपशील छापील इतिहासाशी फार चांगले जुळतात आणि शेजारच्या अर्जाशी शब्दशः जुळतात. खऱ्या आठवणीत क्षुल्लक आणि निरुपयोगी तपशील राहतो. मागणीला त्याचा उपयोग नसतो, म्हणूनच तो विश्वसनीय असतो. तथापि ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. स्वतंत्र नोंदीशी ताडल्याशिवाय कोणताही निर्णय देऊ नये.

७. जे अर्जांत नाहीत

शेवटी ह्या साधनाची मर्यादा सांगितली पाहिजे. अर्ज त्याचाच असतो ज्याला मागण्याचा अधिकार होता किंवा तो आहे असे वाटत होते. वाटेत मेलेला, पळून गेलेला, नियमाने ठरविलेली वर्षे पुरी होण्याआधी सुटलेला माणूस तेथे सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात तातडीने भरती झालेल्या आणि युद्ध संपताच घरी पाठविलेल्या हजारो माणसांना नियमित निवृत्तिवेतन मिळाले नाही. त्यांच्यासाठी व त्यांच्या विधवांसाठी महाराष्ट्र शासनाने पुढे मानधनाची योजना केली. तेव्हा जिल्हा सैनिक कार्यालयात त्यांचे अर्ज आले.

येथे एक विलक्षण अन्याय दिसतो. ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याचे लष्करी कागद दीर्घकाळ जपले जातात. ज्याला मिळत नाही त्याचे कागद सामान्यतः २५ वर्षांनी नष्ट केले जातात. म्हणजे ज्याला पुराव्याची सर्वांत अधिक गरज, त्याचाच पुरावा आधी जातो. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी पराक्रम गाजविणारे शिपाई नामदेव जाधव ह्यांची हकीकत व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रांमुळे राहिली. त्याच तिसऱ्या व पहिल्या बटालियनमध्ये त्यांच्या शेजारी जे होते आणि तुटपुंजी रक्कम घेऊन १९४६ मध्ये घरी परतले, त्यांच्या युद्धाचा एकमेव लेख पुष्कळदा पत्र्याच्या ट्रंकेतील सुटकेचा दाखला आणि नाकारलेल्या अर्जाची प्रत एवढाच असतो.

म्हणून मंजूर अर्जापेक्षा नामंजूर अर्ज अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटावा. मंजुरीने कथा थांबते; नकाराने ती पुन्हा सांगावी लागते, आणि प्रत्येक पुनरुक्तीत एखादा नवा तपशील पडतो. पुण्याचे पेशवे दप्तर, मुंबईचे राज्य अभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि बेळगाव व सागर येथील रेजिमेंटांची नोंदणी कार्यालये ही ह्या कामाची सरकारी ठिकाणे आहेत. परंतु सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड येथील घराघरांतून जे कागद आज कसरीच्या तोंडी जात आहेत, त्यांची नक्कल करून ठेवणे हे अधिक तातडीचे काम आहे. मोडी वाचणारा एक, लष्करी क्रमांकांची परंपरा जाणणारा एक आणि बोलीचा कान असलेला एक, अशा तिघांनी एकत्र बसून एका तालुक्यापासून आरंभ करावा. त्यातून जे हाती येईल ते मराठी गद्याच्या इतिहासात आजवर न वाचलेले प्रकरण असेल. ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या हाताने केलेली खूण फक्त अंगठ्याची होती.